फॅलिस्कन : पहा लॅटिन

सातारा
१० जून २०२४

सर, नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही. उचललात तरी "कोण? मोठ्यानं बोल" याच्यापुढे गाडी सरकत नाही. म्हणून हे पत्र. तुमची विद्यार्थिनी अंजना, पाटणची, सत्त्याऐंशी साली मामाकडे राहून इस्लामपूरला बी.ए. करत होते ती. आता ज्ञानकोशाच्या कचेरीत कार्यकारी संपादक म्हणून डोळे फोडते आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

काम असं आहे. आमचा नववा खंड, 'फ' ते 'ब', या वर्षी छापायला जाणार. यादीत एक नोंद अनाथ पडली आहे : 'फॅलिस्कन'. ज्यांनी ती यादीत घातली ते गृहस्थ वारले. पुण्या-मुंबईच्या तिघांना विचारलं, तिघांनीही "लॅटिनचीच काहीतरी पोटभाषा ना ती" म्हणून अंग काढून घेतलं. मग मला तुमचा तास आठवला. जमीनमहसूल शिकवता शिकवता तुम्ही फळ्यावर उजवीकडून डावीकडे एक ओळ लिहिलीत आणि म्हणालात, "ही रोमच्या शेजारच्या लोकांची भाषा. ती वाचणारा सांगली-सातारा जिल्ह्यांत मी एकटा आहे." वर्ग हसला होता. मीही हसले असेन.

मर्यादा साडेतीनशे शब्द, मुदत ३१ जुलै. शैलीचे नियम सोबत आहेत, थोडक्यात सांगायचं तर 'मी' नको आणि भावना नको. आणखी एक. ज्याच्याकडून नोंद मागवली त्याची शेवटच्या प्रूफवर सही असल्याशिवाय आमच्याकडे ते पान छापखान्यात जात नाही. संस्थापकांनी घातलेला नियम आहे, तो अजून कुणी मोडलेला नाही. तेव्हा शेवटपर्यंत मान तुमचाच.

तुमची,
अंजना


इस्लामपूर
२ जुलै २०२४

अंजना, आशीर्वाद.

सोबत नोंद पाठवतो आहे. साडेतीनशेची मर्यादा वाचली. नोंद एकोणीसशे शब्दांची झाली आहे. कमी करायला बसलो की एक वाक्य काढताना दोन वाढतात, त्याला माझा इलाज नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. आमचे आबा आटपाडीकडून मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरायचे. मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहाशेजारी एक म्हातारे पाद्री राहत. मी त्यांच्या बागेला पाणी घालायचो आणि ते मला लॅटिन शिकवायचे. असं तीन वर्षं चाललं. फॅलिस्कन लेख मी पहिल्यांदा त्यांच्याच टेबलावर पाहिले. लॅटिनची नोकरी मला कुणी देणार नव्हतं, इतिहासाची मिळाली. चौतीस वर्षं मी महसूल शिकवला आणि घरी येऊन हे लेख वाचत बसलो. जगात ते सगळे मिळून तीनशे-साडेतीनशे आहेत. बहुतेक थडग्यांच्या तोंडाशी लावलेल्या कौलांवर खरडलेले, अमक्याचा मुलगा तमका एवढेच. एका पेल्यावर मात्र एक वाक्य आहे : आज मी वाइन पिईन, उद्या ती नसेल. अडीच हजार वर्षांमागचा माणूस इतकं साधं बोलतो, की वाचताना तो शेजारच्या घोंगड्यावर बसल्यासारखा वाटतो.

टायबर नदीच्या बाजूला, रोमपासून पन्नासेक किलोमीटरवर या लोकांचं फालेरिई नावाचं गाव डोंगरावर होतं. इसवी सनापूर्वी २४१ साली रोमनांनी ते मोडलं आणि माणसं खाली सपाटीवर नव्या गावात नेऊन बसवली. कोयनेच्या वेळी उठलेली गावं पाहिलेल्या पाटणच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पण भाषा गेली ती नुसती गाव मोडल्यामुळे नव्हे. ती लॅटिनच्या फार जवळची होती. रोमन माणसाला ती ऐकून वेगळी भाषा वाटलीच नसेल, चुकीचं लॅटिन वाटलं असेल. आणि पुढे खुद्द फॅलिस्कन माणसालाही तसंच वाटायला लागलं असेल. ही माझी अटकळ आहे. पण मला तिची खात्री आहे.

मला एकाहत्तर चालू आहे. माझ्या नावावर छापलेलं असं काही नाही. महसुलाची दोन गाइडं आहेत, ती मी धरत नाही. ही एक नोंद डोळ्यांदेखत छापून यावी, एवढीच इच्छा आहे. बाकी मला काही नको.

नानासो बंडगर


सातारा
२९ जुलै २०२४

सर, नमस्कार.

नोंद तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना डबा उघडायचा राहिला, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही चिडणार आहात.

'गिळली' हे क्रियापद सहा वेळा आलं आहे. कोशात भाषा गिळल्या जात नाहीत, त्या 'लोप पावतात'. 'बिचारे फॅलिस्कन' कोणत्याही नियमात बसत नाहीत. तुमचे पाद्री, त्यांची बाग आणि पाणी यांचा नोंदीशी संबंध नाही. 'ही माझी अटकळ आहे, पण मला तिची खात्री आहे' हे वाक्य आमच्या संपादकीय मंडळातल्या एकाने मोठ्यानं वाचून दाखवलं आणि सगळे हसले. मला ते आवडलं नाही, पण माझ्याही ओठांवर हसू आलं.

मी नोंद साडेतीनशे शब्दांवर आणली आहे. प्रत सोबत जोडते. बघा आणि काय तुटलं ते सांगा.

अंजना


इस्लामपूर
५ ऑगस्ट २०२४

अंजना,

आमच्याकडे मेंढरू भादरतात तेव्हा लोकर घेतात आणि मेंढरू सोडून देतात. तू मेंढरू ठेवून घेतलंस आणि मला लोकर परत पाठवलीस.

तरी मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही आणि तुझी प्रत शांतपणे वाचली. सनावळी बरोबर आहे. पेल्यावरचं वाक्य राहिलं आहे. लेखांची संख्या आहे. माणसं गेली, पण ठीक आहे, कोशात माणसं नसतात हे मला आता कळलं. एकच मागणं आहे. शेवटून दुसरं वाक्य तू काढलंस ते परत घाल : 'दूरची भाषा परकी ठरते, म्हणून तिचा मान राहतो, जवळची भाषा चुकीची ठरते.' यात 'मी' नाही. भावना असली तर ती वाचणाऱ्याची, तिला मी काय करू?

तेवढं वाक्य ठेवलंस तर मी बाकी एका शब्दाला हात लावणार नाही. प्रूफ आलं की डोळे मिटून सही करीन.

नानासो


सातारा
१८ नोव्हेंबर २०२४

सर, नमस्कार.

उशीर झाला, रागावू नका. वाईट बातमी लिहायला मी तीन आठवडे लावले.

तुमचं वाक्य मी ठेवलं होतं. नोंद जुळवूनही झाली होती. पण 'फळबाग' या नोंदीनं ठरलेल्या चारऐवजी अकरा पानं खाल्ली आणि एका वेळी छापला जाणारा सोळा पानांचा तो फॉर्म भरून वाहायला लागला. विश्वस्तांची बैठक बसली. काय काय काढायचं त्याची यादी निघाली. आमचे अध्यक्ष लालासाहेब तुमची नोंद वाचून मला म्हणाले, "ही लॅटिनसारखीच हाय म्हनता न्हवं? मग लॅटिनमधीच घाला की. एकच गोष्ट दोन जागी कशापायी?" मी म्हटलं, सारखी आहे म्हणजे तीच आहे असं नाही. ते म्हणाले, "बाई, आमचा भाऊ आमच्यासारखाच दिसतो, म्हनून त्याला येगळी खुर्ची देतो का आपन बैठकीत?" सगळे हसले आणि ठराव झाला.

आता त्या जागी एक ओळ राहील : 'फॅलिस्कन : पहा लॅटिन.' लॅटिनच्या नोंदीत तुमच्या लिखाणाचा योग्य तो अंश घेतला जाईल.

मी बोलले नाही असं नाही. पुरेसं बोलले का, ते मलाही ठाऊक नाही. नवं प्रूफ सोबत आहे, सही करून पाठवा.

अंजना


इस्लामपूर
२५ नोव्हेंबर २०२४

अंजना,

प्रूफ मिळालं. तीन शब्द आणि एक विसर्गासारखं चिन्ह. हे तपासायला मला चष्मा लावावा लागला नाही.

मी सकाळपासून बोटं मोजतो आहे. तूही मोज. फ, ब, भ, म, य, र, आणि मग ल. एका खंडाला तुम्हाला चार वर्षं लागतात. 'म' एकटा दोन खंड खाईल. म्हणजे 'लॅटिन' येईल २०४० च्या पुढे. तेव्हा मी सत्त्याऐंशी वर्षांचा असेन, किंवा नसेन. बहुतेक नसेनच. आज कुणी कॉलेजातलं पोर हा खंड उघडेल, 'फॅलिस्कन'वर बोट ठेवेल आणि तुम्ही त्याला सांगणार, समोरच्या घरी विचार. ते घर अजून बांधायचं आहे. आणि बांधून झालं तरी त्यात फॅलिस्कनला मिळणार 'योग्य तो अंश'. तो किती, ते मला विचारू नकोस, मी महसूल शिकवलेला माणूस आहे, अंश म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

रोमनांना निदान सैन्य न्यावं लागलं. तुमच्या लालासाहेबांनी चहा पिता पिता काम उरकलं.

मी सही करणार नाही. साडेतीनशेची नोंद जशीच्या तशी येत असेल तर प्रूफ पाठव. नाहीतर तो फॉर्म तसाच राहू दे. नियम तुमच्याच संस्थापकांचा आहे.

नानासो बंडगर


सातारा
२० डिसेंबर २०२४

मा. प्रा. नानासो बंडगर यांस,

आपणांकडे नवव्या खंडातील एका नोंदीचे अंतिम प्रूफ स्वाक्षरीसाठी पाठविण्यात आले होते. ते अद्याप कार्यालयास प्राप्त झालेले नाही. आपल्या स्वाक्षरीअभावी संपूर्ण सोळा पानांच्या फॉर्मचे मुद्रण थांबले आहे. तरी १५ जानेवारीपूर्वी ते पाठवावे, ही विनंती.

कार्यकारी संपादक

(सर, हे टाइप केलेलं कचेरीचं. हे हातानं लिहिलेलं माझं : कृपा करून सही करा. कारण विचारू नका. – अंजना)


इस्लामपूर
६ जानेवारी २०२५

अंजना,

'कारण विचारू नका' हे मी आयुष्यात एकदाही वर्गात कुणाला म्हटलेलं नाही. तू माझी विद्यार्थिनी असून मला म्हणतेस.

तुझं ते टाइप केलेलं पत्र मी चारदा वाचलं. 'प्राप्त', 'अभावी', 'स्वाक्षरी'. छान आहे. बातम्या ऐकल्यासारखं वाटलं. मग तुझी आधीची पत्रं काढली आणि तीही परत वाचली. त्यांत तू हसतेस, चिडवतेस, सगळं करतेस, पण सबंध पत्रव्यवहारात पाटणचा एक शब्द नाही. लालासाहेबांचं बोलणं तेवढं तू त्यांच्या भाषेत लिहिलंस, कारण ते हसण्यासाठी होतं. तू कुठून आलीस हे तुझ्या अक्षरावरून कुणाला सांगता यायचं नाही. म्हणून मला आता शंका येते. ठराव झाला तेव्हा तू काय बोललीस, ते तू नीट लिहिलंच नाहीस. बहुतेक तुला मनातून पटलंच असेल. जवळचं असून वेगळं, हे तुला नकोच असेल. एकदा शुद्ध झालं की मागचं सगळं चुकीचं वाटतं माणसाला. तूही रोमनच झालीस, अंजना. नोकरी तीच करतेस.

कडू लिहिलं. पण खोटं लिहिलेलं नाही. सही मिळणार नाही.

नानासो


सातारा
१४ जानेवारी २०२५

सर,

आज संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही. गोड बोलण्याच्या मनःस्थितीत मी नाही, तुम्हीही नाही.

कारण विचारलंत, तर घ्या. कोश ३१ मार्चला बंद होतो आहे. विश्वस्तांनी इमारत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला द्यायची ठरवली आहे. नववा खंड शेवटचा. पुढे 'भ' नाही, 'म' नाही आणि 'ल'ही नाही. 'पहा लॅटिन' असं लिहिताना मला हे माहीत होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण कळलं असतं तर तुम्ही सही केलीच नसती, आणि तुमचंच बरोबर असतं. पण ३१ मार्चच्या आत खंड बांधून बाहेर पडला नाही तर जुळवलेली सगळी पानं रद्दीत जातील. एकशे चाळीस लोकांच्या नोंदी आहेत त्यात. त्यांतले बावीस जण वारले. माझी एकतीस वर्षं आहेत. आणि हे सगळं तुमच्या एका सहीपाशी अडलं आहे. मी रोज दुपारी टपाल बघते.

ठराव झाला तेव्हा मी काय बोलले, ते लिहिते. मी म्हटलं, ही नोंद काढलीत तर माझंही नाव खंडावरून काढा. लालासाहेब म्हणाले, बरं. एवढंच झालं. हे तुम्हाला लिहायची लाज वाटली, कारण मग मी नाव काढून घेतलं नाही.

आता रोमनचं. ऑगस्ट सत्त्याऐंशी आठवतो? जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तुम्ही मला तयार करत होता. कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी भाषण म्हणायचे आणि प्रत्येक 'न्हाई'ला तुम्ही टेबलावर डस्टर आपटायचात. खडूचा धुरळा उडायचा. "नाही म्हण. परत म्हण." दीड महिना. मला ढाल मिळाली, तुम्ही पेढे वाटलेत. त्या दिवाळीत मी पाटणला गेले. दारातच आईनं विचारलं, "कवा निघालीस गं?" आणि मी म्हटलं, "कवा नाही आई, केव्हा." वाईट हेतूनं नाही म्हटलं. तोंडातून गेलं.

आई हसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती मला 'तुमी' म्हणायला लागली. "तुमी च्या घेता का?" सरपंचांच्या घरची बाई आल्यासारखं. मला वाटलं, थट्टा करते, चार दिवसांनी थांबेल. सदतीस वर्षं झाली, सर. अजून 'तुमी' म्हणते. फोनवर "बरं हाय न्हवं तुमचं" एवढं विचारते आणि ठेवून देते. मी किती सांगितलं, किती रडले. ती म्हणते, "आसू द्या. आमाला न्हाई जमत."

पाटणचा शब्द माझ्या पत्रात शोधत होता ना? तो तुम्हीच डस्टरनं पुसलात. आणि आज तुम्ही मला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांचं दुःख समजावून सांगताय.

सही करा किंवा करू नका. मी आता मागणार नाही.

अंजना


इस्लामपूर
९ फेब्रुवारी २०२५

अंजना,

सही केलेलं प्रूफ सोबत आहे. 'फॅलिस्कन : पहा लॅटिन'च्या खाली 'मंजूर' लिहून सही केली. अक्षर वाचता येईल. त्या बावीस जणांची नावं मला ठाऊक नाहीत. पण त्यांचं काम रद्दीत घालायचा मला अधिकार नाही, आणि तुझं तर मुळीच नाही. हे दोन महिने आधी कळायला हवं होतं. तू सांगितलं नाहीस, पण मीही विचारण्याऐवजी बोलतच राहिलो. ती माझी जुनी खोड आहे.

तुझं पत्र मिळालं. डस्टर मला आठवत होतं. मी ते अभिमानानं आठवत होतो, हे लिहायला लाज वाटते. निवृत्तीच्या सत्काराच्या दिवशी भाषणातही मी ते सांगितलं होतं, की पाटणच्या एका मुलीची वाणी मी कशी घडवली.

एक फेब्रुवारीला मी पाटणला गेलो. कराडला एस.टी. बदलली. पत्ता वक्तृत्व स्पर्धेच्या तुझ्या जुन्या अर्जावर होता, घर विचारत गेलो. तुझ्या आई, अर्जुनाबाई, पडवीत शेंगा फोडत होत्या. मी नाव सांगितलं तशा ताडकन उठल्या, डोक्यावरून पदर घेतला. म्हणाल्या, "आवं मास्तर, या की. आमच्या अंजीचं मास्तर तुमी." पाठीमागे तू त्यांची अंजीच आहेस, हे तुला सांगायला हवं म्हणून लिहितो.

चहा झाल्यावर मी सरळ विषय काढला. म्हटलं, "बाई, मी माफी मागायला आलोय. तुमच्या लेकीचं बोलणं मी बिघडवलं." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बिगडवलं कसं? तिचं तर तुमी सुदारलं. बिगडल्यालं माजं हाय." मी म्हटलं, तसं नाही. मग मी त्यांना चक्क फॅलिस्कन समजावून सांगायला लागलो, शेंगांच्या ढिगापुढे बसून. अर्धा तास बोललो असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आणि म्हणाल्या, "व्हय. पर मास्तर, ती आली की मला त्वांड उघडायचं भ्याव वाटतं. काय बोललं तर चुकंल, आन तिला वाईट दिसंल. चार मोट्या मानसांत बसती ती. म्हनून 'तुमी' म्हनते. मान दिला की चुकलं तरी खपतं."

 निघायला उठलो तेव्हा त्यांनी दारात थांबवलं. इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमी मास्तरच हायसा. मला बी शिकवा की जरा. जास्ती नगं. तिच्यासंगं बोलन्यापुरतं."

अंजना, चौतीस वर्षांत मी कुठल्या विद्यार्थ्याला नाही म्हटलेलं नाही. त्यांना म्हटलं. म्हटलं, "तुम्ही आहात तसंच बोला, अंजनाच तुमच्यासारखी बोलंल." त्या म्हणाल्या, "बघू." त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. मी टाळतोय असं त्यांना वाटलं असावं.

माझ्या हातून झालं ते झालं, ते निस्तरणं माझ्या हातात नाही. तुझ्या आहे. खंड छापखान्यात गेला की पाटणला जा. कोशातलं मराठी बाहेर चपलांपाशी ठेव आणि तोंडाला येईल ते बोल. मला क्षमा कर असं लिहिणार होतो, पण तुझ्या आईनं केली नाही, म्हणजे माफ करण्याजोगं काही आहे हेच त्यांना कळलं नाही, तेव्हा तुला कशाला अडचणीत टाकू?

नानासो


सातारा
२४ फेब्रुवारी २०२५

सर, नमस्कार.

सही मिळाली. फॉर्म छापून झाला, बांधणी सुरू आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खंड हातात येईल. तुमची प्रत मी स्वतः घेऊन येईन. पान दोनशे सात, डावा स्तंभ, खालून चौथी ओळ. ती बघून तुम्हाला काय वाटेल ते मला माहीत आहे. तुमची एकोणीसशे शब्दांची मूळ प्रत माझ्या घरी, कपाटात आहे. कचेरी रिकामी करताना ती आधी उचलली. कुठे छापून येईल असं मी खोटं सांगणार नाही.

काल रविवारी पाटणला गेले. एस.टी.त खिडकीशी बसून सबंध वाट मनात घोकत होते. हाय, न्हाई, कवा, तवा, लय. सत्त्याऐंशी साली घोकायचे तसंच. उंब्रजच्या पुढे एकदा मोठ्यानं बोलले असेन, कारण शेजारच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. जीभ वळत नव्हती. शब्द बरोबर येत होते आणि सूर चुकत होता. मला वाटत होतं, आई ऐकून हसेल. हसली तरी चालेल, असं ठरवूनच गेले होते.

आई दारात उभी होती. ठेवणीतलं इरकल नेसून, केस चापून बसवलेले. शेजारी क्रांती नावाची प्राथमिक शाळेतली बाई राहते. तुम्ही नाही म्हणालात म्हणून आई दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे शिकायला गेली. तीन आठवडे, रोज शाळा सुटल्यावर. हे मला नंतर कळलं.

मी उंबऱ्याशी पोचले तशी ती एकेक शब्द जपून उचलत म्हणाली, "ये अंजना. प्रवासात त्रास नाही ना झाला? तू कशी आहेस?"

'तू' म्हणाली, सर. सदतीस वर्षांनी. मी काय सांगू तुम्हाला.  रस्ताभर घोकलेलं सगळं विसरले होते, आणि आपोआपच तोंडातून आलं, "व्हय आई. मी बरी हाय."

तिचा चेहरा उतरला. तिनं मागं वळून बघितलं, क्रांतीनं ऐकलं तर नाही ना. मग माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि मला वाईट वाटू नये अशा बेतानं, अगदी हळू म्हणाली, "व्हय नाही. हो म्हणावं."

अंजना